दोन ठिपक्यांच्या बाया

१

आधी रोजचं काम सांगतो. म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही मला येडा समजणार नाही.

चौऱ्याऐंशी साल. गडचिरोली जिल्हा होऊन दीड वर्ष झालं होतं आणि मी तिथं एका रक्त तपासणीच्या योजनेत लॅब टेक्निशियन होतो. योजनेचं नाव सांगत नाही. बंद पडली ती. सकाळी जीप निघायची. पुढे डॉक्टर, गाडी चालवायला मुखरू, मागे मी आणि माझ्या मांडीवर काचेच्या नळ्यांचा लाकडी स्टँड. गावात पोचलं की शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकायचं. बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब नळीतल्या औषधात सोडायचा, पाच मिनिटं थांबायचं. मग नळीच्या मागे एक कागद धरायचा. त्या कागदावर मी शाईनं पाच काळ्या रेघा मारून ठेवल्या होत्या. नळीतून रेघा दिसल्या तर रक्त चांगलं. पाणी गढूळ होऊन रेघा झाकल्या तर रक्तात सिकलसेल.

एकट्या माणसात असलं तर फार बिघडत नाही. खातो, पितो, लग्नात नाचतो. पण नवरा-बायको दोघांचीही नळी गढूळ निघाली, तर होणाऱ्या प्रत्येक लेकराला चारात एक धोका. ते लेकरू हाडं दुखून दुखून रडतं आणि बरेचदा लहानपणीच जातं. अशा जोड्या शोधून त्यांना नीट समजावून सांगायचं, असं कागदावर होतं. पण समजावून सांगायला गोंडी यावी लागते आणि दोन तास लागतात. बाईला पुढे मूल होऊ नये म्हणून करतात ते बिनटाक्याचं ऑपरेशन दहा मिनिटांत होतं. म्हणून डॉक्टरांनी दुसरी यादी काढली. जोडीतल्या बाईचं नाव त्या यादीत, आणि चार-पाच दिवसांत आश्रमशाळेत कॅम्प. बायांना सांगायचं, रक्ताची दवाई द्यायची आहे.

एकाच माणसाला दोनदा टोचू नये म्हणून टोचून झालेल्याच्या डाव्या मनगटावर मी जेन्शन व्हायोलेटचा ठिपका लावायचो. जांभळी दवाई, आठ दिवसांत धुऊन जाते. दुसऱ्या यादीतल्या बाईला दोन ठिपके, म्हणजे कॅम्पवाल्यांना ओळखू येईल. ही दोन ठिपक्यांची युक्ती माझी. डॉक्टर खुश झाले होते माझ्यावर. माझी बोटं तेव्हापासून कायम जांभळी.

२

कोसमटोला. जानेवारी. धानाची मळणी उरकली होती, त्यामुळे सगळं गाव घरी.

जोड्या लावणं हे माझ्याकडे. ते वाटतं तितकं सोपं नाही. नवऱ्याचं नाव विचारलं की बाई पदराचा शेव दातात धरते आणि जमिनीकडे पाहते. नाव बाजूची बाई सांगते. त्यात नावं वारावरून. सोमवारी झाली ती सोमारी, बुधवारी झाला तो बुधू. दुपारपर्यंत माझं डोकं उठलेलं असायचं.

सोमारी अठरा-एकोणीसची असेल. सुई टोचली तरी हूं की चूं नाही.

"नवऱ्याचं नाव?"

पदर दातात.

"अवो बाई, सांग ना लवकर. अजून वीस जणी आहेत."

"बुधूची आहे जी," मागून कोणीतरी बोललं.

मी वर पाहिलंसुद्धा नाही. यादीत बुधू होता, नंबर अकरा, गढूळ. सोमारीची नळी सत्तावीस, गढूळ. जोडी लागली. मी तिच्या मनगटावर दुसरा ठिपका ठेवला. ती सातवी.

व्हरांड्याच्या खांबाशी कलाबाई बसली होती. गावची सुईण, केस पार पांढरे. सकाळपासून ती माझा हातच पाहत होती.

"दादा, आमच्यात मेलेल्याले टिका लावते," ती म्हणाली. "तेल आन् काजळी. मंग घरात लेकरू झालं का त्याच्या अंगावर पाह्यते. टिका भेटला का समजते, आपलाच मानूस वापस आला."

"बरं मग?"

"या बाया तं जित्या आहेत. तुमी कोनाच्या नावानं लावून राह्यले?"

मला हसू आलं. "बाई, हा सरकारी टिका आहे," मी म्हटलं. मुखरूही हसला. कलाबाई हसली नाही.

३

सामान बांधताना यादी पुन्हा डोळ्यांखालून घातली. नंबर अकरा बुधू. नंबर चौतीस बुधू. चौतीसची नळी पाण्यासारखी, पाचही रेघा स्वच्छ.

मी कलाबाईला विचारलं, "सोमारीचा बुधू कोणता?"

तिनं बोट दाखवलं. कुऱ्हाड खांद्यावर टाकून एक पोरसवदा माणूस निघाला होता आणि त्याच्यामागे चार पावलांवर सोमारी. तो चौतीस होता.

जीप सुरू झाली होती. डॉक्टर आत बसून घड्याळ पाहत होते. "रामटेके, सात झाल्या ना?"

स्पिरिटची बाटली माझ्या हातात होती. कापूस खिशात. सोमारी हाकेच्या अंतरावर. एक ठिपका पुसायला किती वेळ लागतो?

"हो सर," मी म्हणालो.

काऊन म्हणालो ते मलाही नीट सांगता येत नाही. डॉक्टर ओरडले असते. तेवढंच. एका माणसाचं ओरडणं ऐकायला लागू नये म्हणून मी जीपमध्ये चढलो.

आणि अजून एक, तेही सांगूनच टाकतो. कॅम्पच्या फॉर्मवर हयात मुलं किती, असा रकाना होता. सातही फॉर्मवर मी 'दोन' लिहिलं. दोन लेकरं नसतील तर ऑपरेशन मंजूर होत नसे, म्हणून डॉक्टर म्हणाले होते, सरसकट दोन लिहा. सोमारीला एकही लेकरू नव्हतं. कॅम्पमध्ये तिचंही ऑपरेशन झालं.

४

माझी बायको कमला. लग्नाला आठ वर्षं झालेली आणि दोनदा पोट पडलेलं. जूनमध्ये तिला दिवस गेले. तिसरा महिना लागला तसं एका रविवारी तिनं माझ्यासमोर हात पुढे केला.

"लोकायचं रक्त तपासून राह्यले वर्षभर. माझं काऊन नाई तपासत?"

आम्ही वरोऱ्याचे. बापानं छप्पनला दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव पाटीत भरून नदीला दिले. आमच्या घरी अंगारा नाही, उतारा नाही, भूत तर नाहीच नाही. पण हा आजार आमच्याही लोकांत आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. इतके दिवस मी मुद्दाम आमच्या बोटाला सुई लावली नव्हती.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर दोन नळ्या ठेवल्या. तिची आणि माझी. पाच मिनिटं. कागद धरला.

कमला मागून म्हणाली, "दिसतात का रेघा?"

माझी पाठ तिच्याकडे होती. दोन्ही नळ्या गढूळ. पाचपैकी एक रेघ दिसेल तर शपथ.

"दिसतात," मी म्हणालो. "एकदम स्वच्छ."

"दोघांच्याबी?"

"दोघांच्याबी."

तिनं माझ्या पाठीवर डोकं टेकवलं. माझ्याच नियमानं त्या क्षणी तिच्या मनगटावर दोन ठिपके पडायला हवे होते. मी नळ्या मोरीत ओतल्या आणि वरून भरपूर पाणी सोडलं.

५

डिसेंबरात फेरतपासणी. पुन्हा कोसमटोला, भर दुपार. डॉक्टर रेस्ट हाऊसवर जेवायला थांबले होते. मुखरूनं जीप झाडाखाली लावली आणि मी एकटाच शाळेकडे गेलो.

व्हरांड्यात सातही जणी बसलेल्या होत्या, एका रांगेत. आम्ही येणार हे आधी कळवलेलं नव्हतं.

मी टेबल मांडलं. पहिलीचा हात घेतला. डाव्या मनगटावर दोन ठिपके.

अकरा महिने झाले होते. मी दुसरीचा हात पाहिला, तिसरीचा पाहिला. सगळ्यांचे तसेच. गोंदून घेतलं असेल, मी मनाला सांगितलं. गोंदणाची या बायांना हौस, कपाळ ते पोटरी गोंदवतात. पण गोंदण हिरवट दिसतं. हे जांभळं होतं आणि ओलं दिसत होतं. मी अंगठा फिरवला. अंगठ्याला रंग लागला, ठिपका तिथंच.

मग वाटलं, माझाच अंगठा जांभळा, त्याचं काय घेऊन बसलास.

"गोंदलं का?" मी विचारलं.

"नाई जी."

कलाबाई त्याच खांबाशी बसली होती. ती उठली आणि शेजारच्या घरातून एक तान्हं घेऊन आली. गावात झाडू नावाचा एक होता, त्याच्या बायकोचं, तीन महिन्यांचं. झाडूची बायको आमच्या यादीत नव्हती. कलाबाईनं त्याचा डावा हात फडक्यातून बाहेर काढला.

मी पाहिलं. नंतर बराच वेळ मी टेबलावरच्या सुया मोजत बसलो.

"तिघं आले असे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, उलट घरी पाहुणे आल्यासारखं सांगत होती. "येगयेगळ्या घरात आले. आमी वळखलं. ज्याचं त्याले देल्लं."

"दिलं म्हणजे?"

तिनं ते तान्हं रांगेतल्या दुसऱ्या बाईच्या मांडीवर ठेवलं. त्या बाईनं पदर बाजूला केला आणि त्याला छातीशी लावलं. ते प्यायला लागलं. आवाज येत होता पिण्याचा, घुटूक घुटूक. या बाईचं शेवटचं लेकरू सहा वर्षांचं होतं, रजिस्टरमध्ये माझ्याच अक्षरात लिहिलेलं.

तेव्हा कुठं माझं रांगेकडे नीट लक्ष गेलं. सातही जणींचे पदर छातीशी ओले होते.

असं होतं म्हणे कधी कधी. दुसऱ्याचं मूल छातीशी धरून धरून पान्हा फुटतो, पुस्तकात आहे. मी ते पुस्तकातलं वाक्य आठवायचा प्रयत्न केला. शेवटी सोमारी बसली होती, मांडी रिकामी, पदर चिंब.

"हिचं नाई आलं अजून," कलाबाई म्हणाली. "चौघं राह्यले. गावातच येतीन असं थोडीच आहे? कुठी येतीन, आमाले का मालूम."

मी सामान गोळा केलं. एकही नळी भरली नव्हती. डॉक्टरांना सांगितलं, बाया मोहाच्या जंगलात गेल्या, भेटल्या नाहीत. मोह फुलतो उन्हाळ्यात, डिसेंबरात कुठला? त्यांनी विचारलं नाही. कमलाला तेव्हा सहावा संपत आला होता.

६

मार्चमध्ये मुलगी झाली. अंगानं लहान पण धडधाकट. दवाखान्यात बाळाच्या डाव्या मनगटाला चिकटपट्टी लावून वर शाईनं नंबर टाकला होता. तीन दिवस ती पट्टी माझ्यासमोर होती आणि मी तिला हात लावला नाही.

घरी आल्यावर कमला म्हणाली, "काढा ना ते, तिले टोचत असंन."

मी बाळाला उजेडात, खिडकीशी नेलं. पट्टी भिजवून हळूहळू सोडवली. खाली दोन ठिपके.

शाई उतरली असेल. नंबर दोनशे होता, त्यातली दोन शून्यं. मी पट्टी उलटी करून पाहिली. शाई निळी होती. कापसावर स्पिरिट घेऊन मी ते मनगट पुसलं, एवढंसं, माझ्या दोन बोटांएवढं मनगट. कापूस जांभळा झाला. दुसरा कापूस घेतला, तोही झाला. ठिपके हलले नाहीत. बाळाची कातडी लाल झाली आणि ती रडायला लागली तेव्हा मी थांबलो. मग माझी बोटं पाहिली. जांभळीच होती. माझाच रंग तिला लागला असेल, कसाही लागला असेल.

"का झालं?" आतून कमला.

"काही नाही. पट्टी निघाली."

खरी भीती वेगळीच होती. पोरगी दूध ओढत नव्हती. कमलाला दूध होतं, पण पोरगी छातीशी धरली की तोंड फिरवायची. चमच्यानं घातलेलं ओठातून बाहेर. दवाखान्यात नेलं, त्यांनी तपासलं, तोंडात काही दोष नाही म्हणाले, प्रयत्न करत राहा. घरी आणून दुसरा दिवस. रडणं बारीक होत चाललं होतं. कमला भिंतीला टेकून बसायची आणि माझ्याकडे बघायची. "अवो, काहीतरी करा ना. ही जाते वाटते माझी." मी टेक्निशियन. मी तिचा डावा हात फडक्यात गुंडाळून ठेवत होतो, एवढंच करत होतो.

७

तिसऱ्या दिवशी, दुपारी एकच्या सुमाराला, मी पाणी आणायला दार उघडलं. पायरीवर सोमारी बसली होती.

पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. तिकडून एसटी दिवसातून एकदाच. आमचं घर तिला कोणी दाखवलं, माहीत नाही. कमला बाळंत झाली हे त्या गावात मी कोणालाच बोललो नव्हतो. पदर चिंब होता.

"दाखवा," ती म्हणाली.

मी दार ओढून घ्यायला लागलो. खोटं कशाला बोलू, ओढलंच. तेवढ्यात आतून कमला म्हणाली, "कोण आहे?"

"कोणी नाही."

पण तिनं उठून पाहिलं होतं. तिला काय दिसलं? एक बाई, ओला पदर. बाळंतिणीला त्यापुढे विचार करायची गरज नसते. "अवो बाई, या, या ना आत! तुमाले दूध आहे? माझी पोरगी मरून राह्यली जी."

सोमारी आत आली, भिंतीशी बसली. कमलानं पोरगी तिच्या ओटीत दिली. पोरीनं तोंड फिरवलं नाही. घुटूक घुटूक आवाज यायला लागला. कमला तोंडावर हात ठेवून रडायला लागली.

मी दारातच उभा. सोमारीनं पिणाऱ्या पोरीचा हात फडक्यातून सोडवला आणि आपलं मनगट त्याच्या शेजारी ठेवलं. दोन आणि दोन. कमला रडता रडता थांबली.

"मी न्याले नाई आली," सोमारी तिला म्हणाली. मग माझ्याकडे पाहून, "एकच इचाराचं होतं. माह्या मालकाच्या रक्तात का होतं?"

मी दार लावायला वळलो.

"बुधू," ती म्हणाली. नवऱ्याचं नाव, दुसऱ्याच्या घरात, परक्या माणसाच्या तोंडावर. "बुधू त्याचं नाव. दोन बुधू आहेत गावात. माह्या बुधूच्या रक्तात का होतं?"

"काही नव्हतं," मी म्हणालो.

"तवा मले नाव घ्याची लाज वाटली. तुमी एकडाव अजून इचारलं असतं तं घेतलंच असतं." पोरगी पीत होती. "मले लाज वाटली. तुमाले काऊन नाई वाटली जी?"

फरशीवर जांभळ्या कापसाचा एक बोळा पडला होता. मी त्याच्यावर पाय ठेवला.

"हे ठिपके कायचे आहेत?" कमलानं विचारलं. मला नाही, सोमारीला.

"तुमच्या मालकानं लावले. ज्या बायकांच्या रक्तात दोष आन् नवऱ्याच्याबी, त्यायले. मंग लेकरू होत नाई." सोमारीनं कमलाचं मोकळं मनगट पाहिलं. "तुमाले काऊन नाई लावले?"

कमला माझ्याकडे वळली. मी तिला आठ वर्षं ओळखत होतो. असा चेहरा पाहिला नव्हता.

"माझ्या नळीतून रेघा दिसल्या होत्या?"

मी मान हलवली. नाही.

"तुमच्या?"

"नाही."

ती भिंतीला धरून उठली, बाळंतीण बाई. कपाटाखालून माझी कामाची पिशवी ओढली. जांभळी बाटली काढली. सोमारीला चिकटून भिंतीशी बसली आणि डावा हात माझ्यापुढे धरला.

"लावा."

"कमले, असं..."

"सात बाया तुमाले परक्या होत्या. मी तुमची आहे. लावा."

मी खाली बसलो. काडी बुडवली. पहिला ठिपका तिच्या हातावर नीट पडला. दुसऱ्याला काडी मनगटाच्या वरच थांबली, तेव्हा सोमारीनं माझा हात धरला आणि जागेवर नेला. तिचा हात गरम होता.

८

याला आता चार वर्षं झाली. मी ती नोकरी सोडली. त्याआधी कोसमटोल्याला जाऊन बुधूला सगळं सांगितलं, सोमारीला सोबत घेऊनच. त्यानं ऐकलं, उठून गेला, तासाभरानं परत आला आणि म्हणाला, "चाला." आता दोघं आमच्या मागच्या खोलीत राहतात. पोरगी सोमारीला माय म्हणते, कमलाला आई म्हणते. मला काही म्हणत नाही अजून. येईल म्हणतात, काही पोरांना उशिरा येतं.

नवजात बाळाचं रक्त सहा महिने काही सांगत नाही, त्यानंतर तपासता येतं. नळी आणून ठेवली आहे. रेघांचा कागदही आहे. पाय दुखतात म्हणून ती रडत उठली की मी कपाटापर्यंत जातो आणि परत येतो.

कमलाचं कोणी ऑपरेशन केलं नाही. तरी तिला पुन्हा दिवस गेले नाहीत. भांडी घासते, धुणं धुते, ठिपके गेलेले नाहीत.

अजून तिघं यायचे आहेत. आमच्या आळीत कुठं बारसं असलं की मला बोलावतात आणि मी जातो. पाळण्याशी वाकतो. सगळे बाळाचं तोंड पाहतात, नाक कोणावर गेलं म्हणतात. मी डावा हात शोधतो. परवा शेजारच्यांच्या बाळाचा हात फडक्यातून काढत होतो, तर त्याच्या आजीनं मला हटकलं, "अवो रामटेके, हात काऊन धुऊन नाई आले? पाहा, लेकराले रंग लागला."

मी माझे हात पाहिले. चार वर्षांत मी त्या बाटलीला शिवलेलो नाही.